ब गट

दिल्लीहून पत्र आलंय : लीगचा इतिहास पाठवा,
दोन पानांत, सनावळीसकट.
माझ्याकडे सात वह्या आहेत,
माथाडी हजेरीच्या, लाल कापडी पाठीच्या,
'गोणी' खोडून वर 'गोल' लिहिलेल्या.

सुरुवात कुठून करू?
दीपेन गाला विनिपेगहून परतला
पदवीऐवजी एक लांबडी बॅग घेऊन
आणि काकांच्या कोल्ड स्टोरेजमधली चार नंबरची खोली
मागून बसला, तिथून?
की त्याआधीच्या गारपिटीपासून,
जिनं नाशकाकडची द्राक्षं झोपवली
म्हणून ती खोली रिकामी होती?
इतिहासात गारपीट धरतात का?

आम्ही ब गट.
अ गट वर, डोंगरात, जिथे तळी आपणहून गोठतात,
फुकट.
आमचा बर्फ महावितरणच्या मीटरवर,
रात्री दहानंतर, दर उतरल्यावर.
हसुराम भोपी पाइपानं पाणी सोडायचा,
एक थर, बाहेर जाऊन एक बिडी,
पुन्हा एक थर.
"दिवाळ्याच्या होड्यांना वीस वर्षं बर्फ दिला," म्हणायचा,
"मासा कधी तक्रार करत नाही. ही पोरं करतात."

मैदान नियमाच्या निम्मं. मधोमध खांब.
खांबाला कापसाची गादी बांधली
आणि नियमावलीत कलम वाढवलं :
खांबाला लागून गेलेला गोल, गोलच.
डेहराडूनवाले हसले.
तिसऱ्या दिवशी त्याच कलमावर जिंकले.

चार संघ. तुर्भे, डेहराडून, गुडगाव,
आणि चौथा ऐनवेळी भरलेला :
सफरचंदांच्या ट्रकबरोबर आलेले क्लिनर,
ज्यांना बर्फावर धावता येतं
हे मार्केटात दहा वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.
त्यांचा गोली बशारत. छातीला पॅड म्हणून
पेटीतला पेंढा, शर्टाच्या आत.
सामना संपला की त्याच्या अंगाला
ऑक्टोबरचा वास यायचा.

लीगमधला पहिला गोल : बिजू कुरियन, ऐरोली,
स्वतःच्याच जाळीत.
वहीत मी तो खोडलेला नाही. त्यानंच खोडू दिला नाही.

तिसरा मोसम, अकरा मे. सहा मिनिटं उरली आणि वीज गेली.
कुणीतरी टेम्पो मागे घेऊन दाराशी लावला,
दार उघडून दिव्यांच्या झोतात खेळू म्हणाले.
खेळले. पण दारातून मेही आत आला.
चकती आधी फिरायची, मग पोहायची, मग बसली.
बरोबरी.
शेरा : मैदान वाहून गेले.

पाचव्या वर्षी आम्ही जिंकलो.
जिंकणारा वरच्या गटात जाणार, असं छापलेलं होतं.
वेलजीभाईंनी पेढे वाटले, लोकरीचे मोजे आणले,
बारा जणांची तिकिटं काढली.
त्या हिवाळ्यात वर तळंच गोठलं नाही.
स्पर्धा पुढे ढकलली, मग आणखी पुढे,
मग पत्रं यायची थांबली.
शिडी होती. वरचा मजला काढून नेला होता.

आणि सातव्या वर्षी त्यांचाच फोन :
तुमची ती खोली मिळेल का?
अख्खा अ गट यायला तयार आहे, तुर्भ्याला.
दीपेन धावत जिना उतरला.
वेलजीभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"मटार लागला," म्हणाले. "तीन वर्षांचा करार."
काकानं पुतण्याकडे पाहिलं नाही.
मीही बिलं करत राहिले.

काल मोजदादीला चार नंबरमध्ये गेले. उणे अठरा.
रॅकखाली लाल रेघेचा हातभर तुकडा अजून आहे,
खांबाला गादी आहे.
शेवटचा सामना दोन-दोन, अकरा मिनिटं बाकी,
माझ्या टेबलाच्या खणातलं घड्याळ तिथेच थांबवलेलं.

पत्रासोबतच्या तक्त्यात एक रकाना आहे :
लीग बंद झाल्याची तारीख.
हसुरामला वाचून दाखवलं.
तो म्हणाला, बंद कुठं?
मटार उतरेपर्यंत.